राहात्याहून खर्ड्याला, हळदीकुंकवाच्या गाडीतून

तुम्ही नगर जिल्हा पाहिला असेल तर बहुधा शिर्डीच्या बसच्या खिडकीतून, आणि तोही अर्धवट झोपेत. मी सांगणार आहे तो प्रवास त्याच जिल्ह्यातला आहे, पण या टोकापासून त्या टोकापर्यंतचा. उत्तरेला कालव्याचं राहाता, पूर्वेला कोरडं खर्डा. मनात आणलं तर हे अंतर एका दिवसात सहज होतं. आम्हाला दोन दिवस लागले, आणि दोन्ही दिवस माझं माझ्या भावाशी भांडण चालू होतं.

भांडण एका गाडीवरून होतं. खरं तर दोन कागदी कपांवरून. पण आधी गाडीचं सांगते.

माझा दादा, सुमेध, नगरच्या एमआयडीसीत मशिनवर काम करतो. सातवीत असल्यापासून त्याला एकच गाडी हवी होती. पांढरी, उंच, डिझेलवर चालणारी, मागच्या दारावर जादा चाक अडकवलेली. आमचे पप्पा मेळाव्यांमध्ये जमिनीवर निळं कापड अंथरून पुस्तिका विकायचे. जातीवरच्या, धम्मावरच्या, बायकांच्या हक्कांवरच्या, आठ नाहीतर सोळा पानांच्या. आम्ही दोघं भावंडं घरी पानं दुमडून पिना मारायचो. मी दुमडता दुमडता वाचायचे. दादा दुमडता दुमडता रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघायचा. पप्पा गेल्यावर पुस्तिकांची खोकी माझ्याकडे आली आणि दादाकडे त्याची गाडी राहिली, डोक्यात. यंदा ती डोक्यातली गाडी राहात्यात खरोखर विकायला निघालेली त्याला सापडली. वापरलेली, पण तीच.

आम्ही बौद्ध. दसऱ्याचा दिवस आम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून पाळतो आणि त्या दिवशी सगळे खर्ड्याला आत्याकडे जमतो. नवमीला गाडी आणायची, दसऱ्याला खर्ड्याला जायचं आणि आत्याला पुढच्या सीटवर बसवून विहारात न्यायचं, असा दादाचा बेत होता. आत्यानं आयुष्यभर ऊसतोडीला ट्रकच्या टपावर बसून प्रवास केला. तिला एकदा काचेच्या आतून रस्ता दाखवायचा, हे तो महिनाभर बोलत होता.

फक्त विकणाऱ्यांची एक अट होती. "नवमीची पूजा आमच्या दारात होऊ द्या, मग न्या," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मला तेव्हाच संशय आला. मला संशय लवकर येतो. तो बहुतेक वेळा खरा ठरतो, ही माझी तक्रार आहे.

राहाता, खंडेनवमी

सकाळच्या एसटीनं आम्ही राहात्याला उतरलो. कोल्हार ओलांडलं की हवा बदलते. दोन्ही बाजूंना ऊस, मधून मधून पेरूच्या बागा, रस्त्याकडेला पेरूच्या पाट्या आणि त्यामागे छत्री धरून बसलेल्या बायका. त्या दिवशी पेरूंच्या शेजारी झेंडूचे ढीगही होते. दादानं पेरू घेतले. विकणारीनं चार फोडी करून वर तिखटमीठ भुरभुरलं. आमच्या पूर्वेकडे पेरू मिळतो तो टणक आणि बियांचा. हा आतून दुधाळ आणि गोड होता. पाणी असलं की फळसुद्धा किती निवांत पिकतं, असं माझ्या मनात आलं आणि मला त्या पेरूचाही थोडा राग आला.

गाडी विकणाऱ्या अण्णांचं घर बाजारपेठेच्या मागे होतं. पुढे खतं-बियाणांचं दुकान, मागे राहतं घर, मध्ये फरशीचं अंगण. अण्णा साठीचे, सहा फुटांच्या वर, आवाज मोठा. अंगणात नवमीची मांडणी झाली होती. औषध मारायचा पंप, तराजू, कोयते, खुरपी, एक शिवणयंत्र, सगळं धुऊन पुसून एका रांगेत. रांगेच्या शेवटी दादाची गाडी. ती बघताच दादाचा चेहरा असा झाला, की पुढचे दोन दिवस त्या चेहऱ्यामुळेच माझी पंचाईत झाली.

"या, या, बसा!" अण्णा म्हणाले. "गाव कोणतं म्हणालात?"

"खर्डा. पण आम्ही नगरलाच असतो," दादा म्हणाला.

"खर्ड्यात कुठं?"

"गावातच."

"आपले पाहुणे कुठले मग? जामखेडकडचे का करमाळ्याकडचे?"

ज्यांना हे प्रश्न कधी विचारले गेले नाहीत, त्यांना ही निव्वळ चौकशी वाटेल. आमच्याकडे जात थेट कुणी विचारत नाही. गाव विचारतात, मग गावातली आळी, मग पाहुण्यांचं गाव, मग आडनाव. चौथ्या प्रश्नापर्यंत उत्तर हातात येतं. मी सरसावून बसले. आडनाव सांगायचं, मोठ्यानं सांगायचं आणि समोरच्याचा चेहरा बघायचा, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण दादानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. "सगळीकडेच आहेत पाहुणे," असं म्हणून तो हसला आणि गाडीच्या टायरबद्दल काहीतरी विचारायला लागला.

मी गप्प बसले. हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी दादाला बरंच काही बोलणार आहे.

गाडीच्या कागदांचं काम नगरचा एक एजंट बघत होता. अण्णांनी त्याला कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या. म्हणजे घेणाऱ्याचं पूर्ण नाव अण्णांना माहीत होतं की नव्हतं, हे कळायला काही मार्ग नव्हता.

मग चहा आला. अण्णांच्या बायकोनं, काकूंनी आणला. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा. ट्रेमध्ये दोन कपबश्या आणि दोन कागदी कप. एक कपबशी अण्णांना. दुसरी, पूजेला आलेल्या शेजाऱ्याला. कागदी कप आम्हाला.

मी दादाकडे पाहिलं. दादा चहा फुंकत होता.

पूजा सुरू झाली. काकूंनी बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, आरशापासून आरशापर्यंत झेंडूचा जाड हार बांधला. मला आमच्या बावीस प्रतिज्ञा एकेक करून आठवत होत्या. दादा हात मागे बांधून उभा. त्यानं हात जोडले नाहीत, हे मी नीट पाहून घेतलं. गाडी लिंबांवरून पुढे गेली, फटफट आवाज झाला, शेजाऱ्यानं टाळ्या वाजवल्या.

मग काकू गाडीत शिरल्या आणि डॅशबोर्डवरचा छोटा गणपती चमच्याच्या दांड्यानं उचकटायला लागल्या. गोंद घट्ट होता. बराच वेळ लागला.

"असू द्या की तो," अण्णा म्हणाले.

"देव इकत देत्यात व्हय?" काकू म्हणाल्या आणि मूर्ती पदरात घेऊन बाहेर आल्या. डॅशबोर्डवर गोंदाचा मळका गोल राहिला.

माझ्या मनात लगेच दुसरा अर्थ उभा राहिला. देव विकत देत नाहीत, की देव आम्हाला देत नाहीत? एका सकाळी दोन गोष्टी. कप आणि गणपती.

"गाडीत काही दोष वगैरे?" मी अण्णांना विचारलं.

"दोष? लोण्यावानी चालती. काही न्हाई."

काकू काहीतरी बोलणार होत्या असं मला वाटलं. त्या नुसत्याच चष्मा पुसत राहिल्या. निघताना मात्र त्या ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेल्या आणि दादाला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. दादानं मान हलवली. अण्णांनी माझ्या मांडीवर पेरूंची एक पिशवी ठेवली. तीसुद्धा मी दोन्ही बाजूंनी तपासली.

नगरच्या रस्त्यावर

"काय म्हणाल्या त्या?" राहाता मागे पडल्यावर मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणायला माणूस खिडकीपाशी येत नाही."

दादाचं लक्ष नव्हतं. तो सीटशी झगडत होता. सीट इतकी पुढे ओढलेली होती, की त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. शेवटी रस्त्याकडेला थांबून त्यानं खालचा दांडा ओढला, दोन हिसके दिले तेव्हा कुठे सीट मागे सरकली. तिच्याखालून एक उशी निघाली. जुन्या साडीची, हातानं शिवलेली. आतला आरसाही खूप खाली वळवलेला होता.

"दादा, ही गाडी अण्णांची नाही," मी म्हणाले.

"सुरू झाली तुझी पोलीस चौकशी."

"अण्णा सहा फुटी आहेत. या सीटवर ते मावणारच नाहीत. मग चालवत कोण होतं? गाडी चोरीची असेल. अपघातातली असेल. खरा मालक दुसराच असेल."

"मुलगा चालवत असेल त्यांचा."

"चार फुटी मुलगा? उशीवर बसणारा?"

दादा हसला. गाडी चालवताना तो इतक्या मोकळेपणानं हसतो, हे मला माहीत नव्हतं. त्यानं काच खाली केली, कोपर बाहेर काढलं. हाराच्या पाकळ्या वाऱ्यानं उडून समोरच्या काचेवर येत होत्या. राहुरीपर्यंत प्रत्येक गावात गाड्या धुणं चाललं होतं. ट्रॅक्टर, टेम्पो, स्कूटर, पाण्याचे टँकर, सगळ्यांना हार. आमची गाडी त्या गर्दीत बेमालूम मिसळून गेली होती, आणि मला तेच खुपत होतं.

"हार काढ आता," मी म्हणाले.

"राहू दे."

"आणि ते बॉनेटवरचं?"

"राहू दे म्हटलं ना."

"तुला आवडायला लागलंय. हार घातला की कुणी गाव विचारत नाही. कुणी पाहुणे विचारत नाही. घरात आपल्याला कागदी कपात चहा देतात आणि तू त्यांचं कुंकू मिरवत जिल्हाभर फिरणार आहेस."

दादानं काच वर केली. नगरच्या अलीकडे, गावाचं नवं नाव लिहिलेली कमान ओलांडताना तो म्हणाला, "प्रज्ञे, सण होता. घरात भांडी धुवायला बाई नसेल. पाहुण्याला कागदी कप देतात लोक."

"शेजाऱ्याला का नाही दिला?"

"तो घरचा."

"आणि आपण?"

"मला माहीत नाही!" तो ओरडलाच. "मला माहीत करून घ्यायचंही नाही. मला ही गाडी वापरायची आहे गं. रोज. तू म्हणतेस ते खरं असेल तर रोज सकाळी स्टार्टर मारताना मला तो कप आठवेल. सतरा वर्षं वाट बघितली मी. एवढं एक माझ्याकडे राहू दे."

पुस्तिकांमध्ये याचं उत्तर मी वाचलेलं नाही. अपमान झाला तर काय करायचं हे त्यात आहे. अपमान झाला की नाही हेच कळत नसेल तर काय करायचं, यावर एकही पान मी दुमडलेलं नाही.

घरी पोचल्यावर त्यानं सांगितलं. काकूंनी खिडकीपाशी एवढंच म्हटलं होतं, की हार आणि कुंकू दसऱ्याचा सूर्य मावळेपर्यंत राहू द्या, आणि दादा हो म्हणाला होता.

"तू त्यांना सांगितलं का नाहीस, आमच्यात हे चालत नाही म्हणून?"

"गाडी हातची गेली असती तर?"

खर्डा, दसरा

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी उशिरा निघालो. नगरहून जामखेडचा रस्ता मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो आणि परत आपल्या जिल्ह्यात येतो. ऊस कधीच संपलेला असतो. सोयाबीन काढून ढीग घातलेले, तुरी कमरेइतक्या, बाकी बाभळी आणि मुरूम. कडा गावाच्या पुढे एका टपरीवर आम्ही भजी खाल्ली. टपरीवाल्यानं दसऱ्याचं सोनं म्हणून आपट्याची पानं हातात ठेवली. "नवी गाडी का? लई झ्याक!" म्हणाला. दादानं पानं घेतली. मीही घेतली. माणसानं आनंदानं हातात दिलेलं पान परत कसं करायचं, तेही मी कधी शिकलेले नाही.

जामखेड सोडल्यावर एका उतारावर मेंढ्या आडव्या आल्या. दादानं ब्रेक दाबून धरला आणि गाडी डावीकडे ओढली गेली, जवळजवळ रस्त्याकडेच्या चारीत. मी डॅशबोर्डवर आपटले. मेंढपाळ काठी उगारून आमच्याकडे धावला. मग हार बघून थांबला आणि म्हणाला, "सनासुदीचं जरा दमानं हाका की राव!"

"तुझं लक्ष कुठं होतं?" मी दादाला म्हणाले.

"लक्ष रस्त्यावरच होतं. गाडीच ओढली गेली." तिथून पुढे तो तिसऱ्या गिअरच्या वर गेला नाही.

खर्ड्यात किल्ल्याची भिंत दिसली तेव्हा दुपार उलटून गेली होती. आमच्या वस्तीत निळे झेंडे लागलेले, बायका पांढऱ्या साड्यांत, विहारापुढे मंडप, स्पीकरवर वंदनेची तालीम. आणि त्यात आमची गाडी शिरली. झेंडूनं मढलेली, कपाळावर स्वस्तिक. गप्पा थांबत गेल्या. आमच्यामागे डोकी वळताना मी काचेतून पाहिली.

आत्या दारातच उभी होती. पांढरी कडक साडी, पायात नव्या चपला. तिनं गाडी पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"सुम्या, हे काय लावून आनलंय?"

"आत्या, आधी बस तर. विहारात जाऊ."

"ह्यात? सतरा वर्साची हुते तवा देव्हारा उचलून नदीत सोडला मी. सासूनं तीन दिस भाकर दिली न्हाई. आन् आज तुझ्या गाडीत कुकू लावून विहारात जाऊ? धुवून टाक आदी."

"सूर्य मावळला की धुतो."

"का? सूर्व्याचा काय संबंद?"

दादानं सांगितलं, शब्द दिलाय. कुणाला दिलाय ते सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं. मग ओट्यावर बसून तिनं नव्या चपला काढून ठेवल्या. "मंग मी चालत जाते. तू सूर्व्याची वाट बघ."

मला वाटलं होतं, आत्या भडकली की मला बरं वाटेल. माझ्या बाजूचं कुणीतरी येईल. प्रत्यक्षात दादा गाडीला टेकून, मान खाली घालून उभा राहिला आणि मला काहीच बरं वाटलं नाही. महिनाभर त्यानं हा एक क्षण मनात वागवला होता, आत्या दार उघडून आत बसते आहे हा. एका बाजूला त्याचा शब्द होता, दुसऱ्या बाजूला आमची प्रतिज्ञा, आणि मधल्या मध्ये तो एकटा.

"फोन कर त्यांना," मी म्हणाले. "सांग आपण कोण आहोत ते. मग त्या काय म्हणतात ते ऐकू."

"आज सणाच्या दिवशी?"

"आजच."

त्यानं अण्णांचा नंबर लावला. स्पीकर मी चालू केला. फोन काकूंनी उचलला. अण्णा सोनं वाटायला बाहेर गेले होते.

"पोचला व्हय नीट?" काकू म्हणाल्या. "काल सांच्याला तरी एक फोन करायचा. जीव टांगनीला हुता माजा."

"काकू, ते हाराचं," दादा अडखळला. "आमच्यात ते... आम्ही बौद्ध आहोत."

आत्यानं त्याच्या हातातून फोन घेतला. "राम राम न्हाई, जय भीम बाई. मी ह्याची आत्या. पोरगं तुमचा शब्द मोडंना आन् मी गाडीत बसंना. आता तुमीच काय ते बोला."

काकू म्हणाल्या, "आवो, मग पुसा की! मला बोलला न्हाई त्यो. मला आपलं वाटलं, सनाचं लावलेलं सनापत्तुर ऱ्हावं. शेवटची पूजा हुती माजी, म्हनून."

"तुमची म्हंजी?"

"गाडी माजीच हुती की. ह्यांना कुठं येतीय चालवता! चार वर्सं चालवली. राहात्यापास्नं कोपरगाव, नाशिक, एकदा पार पुन्यापत्तुर. भाजी न्यायची, बायांना दवाखान्यात न्यायची. आता शुगरनी डोळं गेलं. ह्यांनी इकायची ठरिवली."

आत्या फोनकडे बघत राहिली. "तुमी चालवत हुत्या? येवडी मोठी?"

"उशी घिऊन," काकू म्हणाल्या आणि हसल्या.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. बायकांच्या हक्कांवरच्या पुस्तिका पिना मारून मारून मी मोठी झाले. सीट, आरसा, उशी, सगळे पुरावे माझ्या समोर होते. त्यावरून मी चोर शोधला, अपघात शोधला, दुसरा मालक शोधला. बाई शोधली नाही. तिच्या हातात कुंकवाचा करंडा बघितला आणि तिच्याबद्दलचा माझा विचार तिथेच संपला. गाडीबद्दलचा एकुलता एक प्रश्न मी अण्णांना विचारला.

"आन् बौद्ध हाय म्हनून आत्ता काय सांगताय?" काकू पुढे बोलत होत्या. "म्हाईत हुतं मला. एजंटानं पैल्याच दिवशी सांगितलं हुतं ह्यांना. गाव इचारलं ते नुसतं खातरी करायला."

दादानं चमकून माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी तेच आलं. त्यांना माहीत होतं. म्हणजे चहा आला तेव्हाही माहीत होतं. दादानं मान हलवली. नको, विचारू नको. कालच त्यानं मला सांगितलं होतं, एवढं एक माझ्याकडे राहू दे.

मी एका दिवशी गप्प बसून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी मला ते जमलं नाही.

"काकू, मी प्रज्ञा. सुमेधची बहीण. काल आम्हाला चहा कागदी कपात का दिला?"

स्पीकरवर घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता सांगतील, भांडी धुवायला बाई नव्हती. तसं सांगितलं असतं तर दादानं विश्वास ठेवला असता. मीही कदाचित ठेवला असता.

"ह्यांनी सांगितलं," काकू म्हणाल्या. "पर हातानं मीच दिला. कपाटात बारा कपबश्या हायेत. मी दिला त्यो कप."

दादा गाडीपासून दोन पावलं लांब झाला, जणू ती तापली होती. शेवटी आत्याच म्हणाली, "बरं केलं, खरं बोललात. न्हाई तर ह्या पोरीनं आमाला वर्सभर झोपू दिलं नसतं."

"गनपतीचंही तसंच का?" मी विचारलं. आता विचारतच होते, तर सगळंच.

"न्हाई गं बाई. त्यो माज्या आईचा हाय." मग त्यांचा आवाज बदलला. "पोरी, आनीक एक सांगते. काल सांगनार हुते, पर हे समोर हुते. उताराला ब्रेक लांब दाबला का गाडी डावीकडं वडती. पुडच्या डाव्या चाकाचं काम करायचं ऱ्हायलंय. म्हनून तर जीव टांगनीला हुता. ते केल्याबिगर पोराला हायवेला जाऊ दिऊ नको. तू विचारलंस ह्यांना. मला विचारलं असतंस तर ह्यांच्या म्होरं बी सांगितलं असतं मी."

"खोटं," मी मनात म्हटलं. मग वाटलं, कदाचित खरंही असेल. मला ते आजही ठरवता आलेलं नाही.

आत्यानं फोन तोंडाजवळ धरला. "बाई, आता ऐका. आमच्याकडं या. खर्ड्याला. च्या आमच्या कपात प्या. आमी हुबं ऱ्हाऊन बघू तुमी कशा पिताय त्या."

"यीन," काकू म्हणाल्या. "न्यायला कोन येनार पर?"

आत्यानं दादाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. तो डाव्या चाकापाशी उकिडवा बसून आतल्या बाजूला बोटानं चाचपडत होता. मान वर न करता म्हणाला, "चाकाचं काम झालं की."

फोन ठेवल्यावर त्यानं स्वतःच बादली आणली. हार सोडला. बॉनेटवरचं कुंकू निघालं, हळदीचा पिवळट डाग मात्र तिथल्या तिथेच राहिला. आत्या गाडीत बसायला तयार होती, पण आता दादाच तिला बसू देईना. ब्रेक दाखवल्याशिवाय कुणालाच नाही, म्हणाला. म्हणून आम्ही तिघं विहारात चालत गेलो. आत्यानं पुन्हा पायात घातलेल्या नव्या चपला चावत होत्या. ती सबंध वाटेत आम्हा दोघांना शिव्या देत होती. वंदनेनंतर खीर होती, आणि रात्री आत्याकडे हुलग्याच्या पिठाचे, रस्स्यात शिजवलेले शेंगोळे. ते नगर जिल्ह्याच्या पूर्वेलाच खावेत. उत्तरेला हुलगा जनावरांना घालतात.

परत येऊन तीन आठवडे झाले. जामखेडच्या मिस्त्रीनं चाकाचं काम करून दिलं. त्यानं डावा ब्रेक खोलून दादाला दाखवला आणि विचारलं, एवढ्या लांबून हिला आणलीच कशी? दादा रोज गाडी नेतो. सकाळी स्टार्टर मारण्याआधी तो थोडा वेळ नुसता बसून राहतो. मी खिडकीतून बघते. त्याला कप आठवतो का, हे मी विचारलेलं नाही. त्याच्याकडे राहावं असं जे एक तो मागत होता, ते मी त्याच्याकडून घेतलं. त्याच्या जिवावर बेतलं नाही, हेही त्याच फोनमुळे. ही वजाबाकी मला अजून जमत नाही.

रविवारी तो राहात्याला जाणार आहे, काकूंना आणायला. अण्णा सोडतील का, हा एक प्रश्न. काकू खरंच निघतील का, हा दुसरा. मला वाटतं, ऐन वेळी त्यांना बरं वाटेनासं होईल.

आत्यानं मात्र काल जामखेडच्या बाजारातून सहा कपबश्या आणल्या.